सही आपली, समज कोणाची?

बँकेच्या अडतीस वर्षांच्या नोकरीत मी किती सह्या केल्या असतील, याची मोजदाद शक्य नाही. त्यांपैकी एक सही मात्र मला आजही आठवते. १९९८ सालच्या एका सोमवारी, सोलापूर जिल्ह्यातील एका बाजारपेठेच्या गावी, एका व्यापाऱ्याच्या खात्यात जमा व्हावयाच्या रकमेच्या व्हाउचरवर मी ती केली होती. संगणकातील मंजुरीही माझ्याच नावाने पडली होती. प्रत्यक्षात पडद्यावरची ती नोंद मी पाहिलीच नव्हती. त्या न पाहिलेल्या नोंदीने मला जे शिकविले, ते एम.कॉम.च्या पदवीने किंवा बँकिंगच्या परीक्षांनी शिकविले नव्हते. व्यापारी कुटुंबांतील वाचकांना ते उपयोगी पडेल, असे वाटल्यावरून हा लेख लिहीत आहे.

बेरजेचा अभिमान

मी १९८१ साली कारकून म्हणून बँकेत रुजू झालो. त्या काळी बँक म्हणजे जाडजूड लेजर, पितळी टोकने आणि दिवसअखेरचा ताळमेळ. उभ्या रकान्यातील पन्नास-साठ आकड्यांची बेरीज पेन्सिल न टेकविता करणे, ही त्या काळची विद्या होती आणि ती मला उत्तम साधली होती. शाखेचे बॅलन्सिंग जुळत नसले की मला बोलावीत. फरकाच्या रकमेला नऊने भाग जात असेल तर बहुधा आकड्यांची उलटापालट झालेली असते, ही खूण वरिष्ठांनी शिकविली होती. तिच्या आधारे मी कितीतरी चुका शोधून काढल्या. पुढे बँकिंगच्या परीक्षा उत्तीर्ण झालो, अधिकारी झालो. चांगला, विश्वासू अधिकारी व्हावयाचे हे माझे ध्येय होते आणि त्यासाठी लागणारे कौशल्य आपल्या हाती आले आहे, अशी माझी पक्की समजूत होती.

बाहेर मात्र वारे बदलत होते. बँकांच्या संगणकीकरणाविषयी डॉ. सी. रंगराजन यांच्या समितीचा अहवाल १९८४ सालीच आला होता. १९९३ मध्ये बँका आणि कर्मचारी संघटना यांच्यात त्याविषयी करार झाला. हे सर्व मी वर्तमानपत्रांत वाचीत होतो; पण ते मोठ्या शहरांपुरते आहे, असे मनाशी म्हणत होतो. १९९७ च्या पावसाळ्यात आमच्या शाखेत संगणक आले. प्रशिक्षणासाठी माझे नाव दोनदा निघाले. एकदा मी मार्चअखेरचे कारण सांगितले, दुसऱ्यांदा घरातील लग्नाचे. दोन्ही कारणे खरी होती. खरे असूनही ते बहाणेच होते, हे माझे मला ठाऊक होते.

मग मी एक सोयीचा मार्ग काढला. शाखेत नव्याने आलेला एक तरुण लिपिक संगणकावर सराईत होता. माझा पासवर्ड मी त्याला एका चिठ्ठीवर लिहून दिला. नोंद तोच करी आणि माझ्या नावाने मंजूरही तोच करी. मी कागदी व्हाउचर पाहून सही करीत असे. एकाने लिहावे आणि दुसऱ्याने तपासावे, या दोन डोळ्यांवर बँकेची सारी सुरक्षितता उभी असते. त्यांतील एक डोळा मी स्वतःच्या हाताने मिटून घेतला होता.

एका आकड्याची चूक

त्या सोमवारी हार्डवेअरच्या एका व्यापाऱ्याच्या खात्यात अठ्ठेचाळीस हजार रुपये जमा व्हावयाचे होते. खाते क्रमांकातील एक आकडा चुकला आणि रक्कम दुसऱ्याच खात्यात गेली. व्हाउचर बरोबर होते. पडद्यावरची नोंद चूक होती आणि पडदा तपासणारा कोणीच नव्हता. दुसऱ्या दिवशी त्या व्यापाऱ्याने पुण्याच्या एका ठोक विक्रेत्याला दिलेला चेक आमच्याकडे आला. खात्यात पुरेशी शिल्लक नाही, असा शेरा पडून तो परत गेला.

चूक ध्यानात यावयास तीन दिवस लागले. रक्कम योग्य खात्यात वळती करण्यास पाच मिनिटेही लागली नाहीत. मी पुण्याच्या विक्रेत्याला बँकेची चूक कबूल करणारे पत्र लिहिले आणि ते दाखविण्यासाठी शेठजींच्या दुकानी गेलो. शेठजी तेव्हा पन्नाशीचे होते. त्यांनी मला गादीवर बसविले, पाणी दिले, पत्र शांतपणे वाचले. मग म्हणाले, “साहेब, पैशाची चूक तुम्ही दुरुस्त केलीत. पण आमच्या वडिलांपासून या पेढीची हुंडी किंवा चेक कधी परत गेला नव्हता. पुण्याच्या बाजारात जे ऐकले गेले, ते तुम्ही कसे दुरुस्त करणार?”

माझ्यापाशी उत्तर नव्हते. काही वेळाने त्यांनी विचारले, “ती नोंद तुम्ही पाहिली होती का?”

मी म्हणालो, “व्हाउचरवर माझीच सही आहे.”

“सही मी पाहिली. नोंद तुम्ही पाहिली होती का?”

पुढच्या दोन खेपांचा माल पुण्याच्या त्या विक्रेत्याने शेठजींना रोखीनेच दिला. पत्राने कागद स्वच्छ झाला होता; पत पूर्ववत होण्यास सहा महिने लागले. माझ्यावर कारवाई झाली नाही, कारण शेठजींनी लेखी तक्रार केली नाही. तक्रार झाली असती तर बरे, असे मला त्या दिवसांत अनेकदा वाटले.

विचारण्याचा संकोच

दुसऱ्या सोमवारी मी पासवर्ड बदलला आणि बँक उघडण्याच्या पाऊण तास आधी येऊ लागलो. त्या तरुण लिपिकाला म्हणालो, “मला शिकवा.” हे दोन शब्द उच्चारावयास मला एकोणचाळिसाव्या वर्षी जितके कष्ट पडले, तितके पुढचे काहीच शिकताना पडले नाहीत. तो बावीस-तेवीस वर्षांचा होता. माझ्या हाताखालचा होता. पहिले चार दिवस तोही संकोचला. मग त्याने मला माझ्याच भाषेत शिकविले. “साहेब, हे लेजरचे पान समजा,” असे तो म्हणाला आणि पडद्याविषयीची निम्मी भीती तेथेच ओसरली. माझी जुनी विद्याही वाया गेली नव्हती. कोणत्या आकड्यावर संशय घ्यावा, हे मला त्याच्यापेक्षा अधिक कळत होते. तो आकडा पडद्यावर कोठे शोधावा, हे त्याला कळत होते. तीन महिन्यांत आम्ही एकमेकांचे शिक्षक झालो.

त्याच वर्षी पर्युषणात एका व्याख्यानात स्वाध्यायाचा विषय निघाला. सहा आभ्यंतर तपांमध्ये स्वाध्यायाची गणना होते आणि तत्त्वार्थसूत्राच्या नवव्या अध्यायात त्याचे पाच प्रकार सांगितले आहेत, हे आपण सर्व जाणतो: वाचना, पृच्छना, अनुप्रेक्षा, आम्नाय आणि धर्मोपदेश. वाचावे, विचारावे, मनन करावे, घोकावे आणि दुसऱ्यास सांगावे. हा क्रम आत्महितासाठी आहे, व्यवहारासाठी नाही, याची मला जाणीव आहे. तरीही ऐकताना मला माझे उणे उमगले. मी परिपत्रके वाचीत होतो. म्हणजे वाचना होती. पृच्छना मात्र मी टाळली होती. विचारल्याने अज्ञान उघडे पडेल, या भयाने मी ते झाकून ठेवले होते. ज्या परंपरेने प्रश्न विचारण्याला तपात स्थान दिले, तिच्यात वाढलेल्या माणसाला प्रश्न विचारण्याची लाज वाटावी, यासारखी विसंगती कोणती?

उरलेल्या पायऱ्याही मग मी व्यवहारासाठी उसन्या घेतल्या. दिवसभरात झालेली चूक रात्री वहीत लिहून ती का झाली याचा विचार करणे, तीच कृती रोज थोडा वेळ पुन्हा करणे आणि शिकलेले दुसऱ्या कोणास समजावून देणे. शेवटची पायरी सर्वांत उपयोगी ठरली. पुढे दुसऱ्या शाखेत माझ्याच वयाच्या एका सहकाऱ्याला शिकविताना मला स्वतःला काय कळलेले नाही, ते कळत गेले.

आपल्या पूर्वजांची शाळा

या निमित्ताने आपल्या कुटुंबांच्या इतिहासाकडे पाहिले तर एक गोष्ट ठळकपणे दिसते. व्यापाऱ्याला एकदा शिकून कधीच पुरले नाही. आमच्या आजोबांच्या पिढीने पावकी, निमकी, सवायकी, दिडकी मुखोद्गत केली होती. रुपयाचे सोळा आणे आणि मणाचे चाळीस शेर, या जगात ती विद्या हुकमी होती. १ एप्रिल १९५७ रोजी रुपयाचे शंभर नवे पैसे झाले. १९५८ पासून टप्प्याटप्प्याने शेर-मण जाऊन किलो आले. दुकानात चाळीस वर्षे घालविलेल्या माणसांना नव्याने हिशेब शिकावा लागला. दिवाळी ते दिवाळी वर्ष धरणाऱ्या पेढ्यांना १९८९ पासून आयकरासाठी मार्चअखेर स्वीकारावी लागली. १ एप्रिल २००५ रोजी महाराष्ट्रात व्हॅट आला, १ जुलै २०१७ रोजी जीएसटी आला. चोपडीचे पूजन आपण आजही करतो. पण त्या चोपडीतील लिपी, भाषा, वजने, नाणी आणि करपद्धती हे सारे बदलले आहे. टिकले ते एवढेच: हिशेब चोख असावा आणि शब्दाला किंमत असावी. ध्येय स्थिर राहिले, साधने बदलत गेली आणि ज्या घरांनी साधने बदलताना पुन्हा विद्यार्थी होण्याचे मान्य केले, ती घरे टिकली.

सोलापूरचेच उदाहरण घ्यावयाचे तर वालचंद हिराचंद यांचे घ्यावे. १८८२ साली जैन व्यापारी कुटुंबात जन्मलेल्या या तरुणापुढे कापूस आणि सावकारी हा घरचा मार्ग तयार होता. त्यांनी महाविद्यालयीन शिक्षण अर्धवट सोडले होते आणि रेल्वेच्या बांधकामाचे त्यांना शिक्षण नव्हते. रेल्वेत कारकुनी केलेल्या लक्ष्मणराव फाटक यांच्याशी त्यांनी भागीदारी केली आणि बार्शी लाइट रेल्वेच्या एका छोट्या टप्प्याच्या कामापासून कंत्राटदारीस आरंभ केला. ज्याला काम कळते त्याच्या बरोबरीने उभे राहून ते आपण समजून घ्यावे, हा धडा मला त्यात दिसतो. पुढे ते जहाजवाहतुकीत उतरले. सिंदिया कंपनीच्या ‘लॉयल्टी’ या जहाजाने ५ एप्रिल १९१९ रोजी मुंबईहून लंडनकडे प्रस्थान केले आणि तो दिवस आज राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळला जातो. १९४० मध्ये बंगळूरला विमानांचा कारखाना, १९४१ मध्ये विशाखापट्टणमला जहाजबांधणीची पायाभरणी. रूळ, जहाज आणि विमान या तिन्ही क्षेत्रांची विद्या वेगळी होती. प्रत्येक वेळी त्यांना पहिल्या इयत्तेतून सुरुवात करावी लागली असणार. पन्नाशीनंतरही त्यांनी ते टाळले नाही.

तोच प्रश्न, दुसऱ्या पेढीवर

२०१९ साली मी निवृत्त झालो. शेठजींशी जुळलेला स्नेह टिकून होता. २०२२ च्या अखेरीस त्यांचा फोन आला. आवाज खालावलेला होता. करविभागाची नोटीस आली होती.

कागद पाहिले तेव्हा उलगडा झाला. पेढीने एका पुरवठादाराकडून पाच लाखांचा माल घेतला होता. त्यावर अठरा टक्क्यांनी नव्वद हजार रुपये कर होता. शेठजींनी करासह संपूर्ण रक्कम चुकती केली होती. त्या नव्वद हजारांची वजावट हिशेबनिसांनी बिलाच्या आधारे घेतली. पुरवठादाराने मात्र ते बिल आपल्या विवरणपत्रात दाखविलेच नव्हते. पूर्वी अशा न दिसणाऱ्या बिलांपोटी काही टक्के वजावट घेण्याची मुभा असे. १ जानेवारी २०२२ पासून ती संपली. जीएसटीआर-२बी या तक्त्यात जे बिल दिसते, त्याचीच वजावट घेता येते. आता नव्वद हजार आणि वर व्याज भरावयाचे होते. ज्या पेढीचा चेक परत जाऊ नये म्हणून शेठजी जन्मभर जपले, तिच्या नावे चुकीची वजावट घेतल्याचा कागद आला होता.

मी विचारले, “हे विवरणपत्र भरतो कोण?”

“हिशेबनीस भरतात. वीस तारखेला फोन करतात, मोबाईलवर ओटीपी येतो, तो मी सांगतो.”

“त्याआधी तुम्ही काय पाहता?”

शेठजी माझ्याकडे पाहतच राहिले. चोवीस वर्षांपूर्वीची गादी, तेच दुकान. मला तो प्रश्न पुन्हा उच्चारण्याची गरज पडली नाही. ओटीपी सांगणे ही आजची सही आहे आणि माझी पासवर्डची चिठ्ठी व त्यांचा ओटीपी यांत काही अंतर नव्हते. हिशेबनीस प्रामाणिक होते, माझा लिपिकही प्रामाणिक होता. दोन्ही ठिकाणी उणीव तपासणाऱ्याची होती.

“या वयात आता काय शिकायचे, साहेब?” ते म्हणाले. चौऱ्याहत्तर वर्षांचे होते. मीही त्यांना काय शिकविणार? माझ्या नोकरीत मी कधी जीएसटीचे विवरणपत्र भरले नव्हते. तेवढ्यात चहा घेऊन आलेली त्यांची नातसून हळूच म्हणाली, “काका, २बी मी काढून दाखवू का? माहेरच्या दुकानाचे मीच बघत होते.” ती बी.कॉम. होती. घरात येऊन तिला दीड वर्ष झाले होते आणि पेढीच्या कामाविषयी तिला कोणी काही विचारले नव्हते. आपल्या घरांत कौशल्य पुष्कळ असते. ते स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी थांबलेले असते आणि आपण बाजारभर सल्लागार शोधत हिंडतो.

त्या दिवसापासून दर महिन्याचा एक क्रम ठरला. मासिक विवरणपत्र भरणाऱ्या पुरवठादारांची विक्री अकरा तारखेपर्यंत जीएसटीआर-१ मध्ये जाते. चौदा तारखेला २बी तयार होते. वीस तारखेला आपले ३बी भरावयाचे असते. म्हणजे चौदा ते वीस हे सहा दिवस खरेदीची वही आणि २बी यांचा ताळमेळ घेण्याचे. नातसून तक्ता छापून आणते, शेठजी लाल पेन्सिलीने एकेक बिल टिपतात. जे बिल तक्त्यात दिसत नाही, त्या पुरवठादाराला त्याच दिवशी फोन जातो आणि त्या बिलाची वजावट तो महिना घेतली जात नाही. पहिल्या महिन्यात शेठजींना तक्त्यातील रकाने लक्षात राहत नव्हते. तिसऱ्या महिन्यात त्यांनी तिच्या नजरेतून निसटलेले एक बिल पकडले. तिने ते घरभर सांगितले. मीही त्यांच्याबरोबर शिकलो. त्रेसष्टाव्या वर्षी मला नवे काही शिकल्याचा जो आनंद झाला, तो पेन्शनच्या पहिल्या पासबुकानेही दिला नव्हता.

अर्ध्या तासाचा नियम

शिकत राहा, असा उपदेश आपण सारेच तरुणांना करतो. त्यात एक अडचण आहे: शिकण्यासारखे इतके आहे की कोठून आरंभ करावा, हे कळत नाही. माझ्या अनुभवातून निघालेली कसोटी सोपी आहे. आपण ज्या ज्या कागदावर सही करतो, ज्या ज्या कामासाठी ओटीपी सांगतो, त्यांची एक यादी करावी: करविवरणपत्र, कर्जाची कागदपत्रे, विम्याचा प्रस्ताव, स्टॉकचे पत्रक. मग प्रत्येकासमोर प्रामाणिकपणे लिहावे की हे मला कोणाच्या मदतीविना वाचून समजते का. जेथे ‘नाही’ असे उत्तर येईल, तेथे आपला अभ्यास सुरू होतो. एका वेळी एकच कागद घ्यावा, रोज अर्धा तास द्यावा आणि विचारण्यासाठी एक माणूस ठरवावा. तो वयाने लहान असेल, कदाचित घरातील सून किंवा नात असेल.

याचा अर्थ चार्टर्ड अकाउंटंटला किंवा हिशेबनिसाला रजा द्यावी, असा नाही. काम दुसऱ्यावर सोपविण्यास हरकत नाही. मोठ्या पेढ्या त्याविना चालणारच नाहीत. ते काम बरोबर झाले की नाही, हे पाहण्याइतकी समज मात्र सोपविता येत नाही. ती आपली आपणच मिळवावी लागते आणि नियम बदलला की पुन्हा मिळवावी लागते.

ती नव्वद हजारांची रक्कम शेठजींनी व्याजासह भरली. पुरवठादाराकडून ती अद्याप पूर्ण वसूल झालेली नाही. गेल्या महिन्याच्या वीस तारखेला मी दुकानी गेलो होतो. हिशेबनिसांचा फोन आला, मोबाईलवर ओटीपी वाजला. शेठजींनी चष्मा लावला, समोरचा तक्ता जवळ ओढला आणि फोनवर म्हणाले, “जरा थांबा. शेवटचे पान राहिले आहे.”